खाली पडलेला चिमटा

तात्या डॉक्टर ओळखायचे ते त्याच्या स्टोव्हवरून. गावात नवा दवाखाना निघाला की बाकीची माणसं विचारायची, डिग्री कुठली, फी किती, हाताला गुण आहे का. तात्या कसलं तरी निमित्त काढून आत डोकावून यायचे आणि ओट्यावर टेकता टेकता निकाल द्यायचे, "स्टोव्ह थंडगार आहे रे भाऊ त्याचा." सकाळी दहाला, दवाखाना माणसांनी भरलेला असताना स्टोव्ह थंड, याचा अर्थ तिथे सुया उकळत नाहीत, नुसत्या धुतात. पुढचं त्यांना सांगावं लागत नसे. आमच्या घरातलं कोणी मग त्या डॉक्टरची पायरी चढायचं नाही.

तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. चाळीसगावात स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर एक दवाखाना होता, तिथे त्यांनी आयुष्यभर कंपाउंडरकी केली. काचेच्या सिरिंजपासून प्लॅस्टिकच्या सिरिंजपर्यंत. सकाळच्या गाड्यांनी वाघळीची, हिरापूरची माणसं उतरायची, धुळे पॅसेंजरने जामद्याकडची यायची, घाटाखालच्या तांड्यांवरून बैलगाड्या यायच्या. लक्ष्मीनारायण मिलची पाळी सुटली की कामगारांची रांग लागायची. डॉक्टर केव्हाच गेले, दवाखान्याच्या जागी आता कापडाचं दुकान आहे. तालुक्याच्या प्रत्येक गावात असा एक डॉक्टर होऊन गेलेला असतो आणि जुनी माणसं त्याच्याबद्दल तेच तेच सांगतात: नाडीवर बोटं ठेवली की निम्मा ताप उतरायचा, गरिबाकडून पैसा घेतला नाही, रात्री-अपरात्री कंदील घेऊन निघायचे. तात्यांच्या तोंडून यातलं काही ऐकल्याचं मला आठवत नाही. ते पाण्याबद्दल बोलायचे.

पाणी विहिरीचं, जड. भांड्याच्या तळाला पांढरा खर धरायचा आणि तोच खर सुईच्या पोटातही बसायचा. म्हणून रात्री दवाखाना बंद करताना प्रत्येक सुईत बारीक तार घालून ठेवायची. सकाळी झाकणाच्या चौकोनी भांड्यात, आतल्या जाळीवर, सगळं मांडायचं: सिरिंजची नळी वेगळी, दट्ट्या वेगळा, दोन्ही गॉजमध्ये गुंडाळलेले, नाहीतर उकळी फुटली की काचेवर काच आपटून तडा जातो. नळीवर आणि तिच्या दट्ट्यावर एकच नंबर कोरलेला असायचा. दुसऱ्या जोडीचा दट्ट्या घातला तर औषध मागून गळतं. वीस मिनिटं मोजायची ती पाण्याला उकळी फुटल्यापासून, स्टोव्ह पेटवल्यापासून नाही. यावरून तात्यांनी हाताखालच्या एका पोराला दोनदा घरी पाठवलं होतं म्हणे. सुई बोथट झाली की दगडावर घासायची आणि टोक कापसावरून ओढून बघायचं. कापसाचा एखादा धागा अडकला तर टोकाला आकडी राहिली, पुन्हा दगड. "ज्याच्या दंडात जायची त्याला ती आकडी कळते," तात्या म्हणायचे, "आणि तो शिव्या डॉक्टरला देतो."

त्यांचा सगळ्यात कडक नियम चिमट्याचा होता. जमिनीला लागलेली वस्तू परत भांड्यात, बाहेर कितीही माणसं खोळंबलेली असोत. बाजाराच्या एका दिवशी चिमटा खुद्द डॉक्टरांच्याच हातून निसटला. ते तो उचलून स्पिरिटमध्ये बुचकळणार तोच तात्यांनी हात पुढे केला, चिमटा घेतला आणि भांड्यात टाकला. डॉक्टर काही बोलले नाहीत. उकळी फुटून वीस मिनिटं होईपर्यंत वर्तमानपत्र वाचत बसले. बाहेर ओरड झाली, दोन माणसं उठून दुसरीकडे गेली. ही गोष्ट तात्या कोणत्याही फुशारकीशिवाय सांगायचे, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच ती गोष्ट वाटायची नाही. तिच्यात कोणी मरत नव्हतं, कोणी वाचत नव्हतं.

पुढे प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिनची हकिकत वाचताना मला हा चिमटा पुन्हा भेटला. पण त्याआधी पणजोबांची गोष्ट सांगायला हवी, कारण ती आमच्या घरात अडाणीपणाची गोष्ट म्हणून सांगितली जायची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि रेल्वेच्या वाटेने आत आत सरकत गेला. चाळीसगाव तर हमरस्त्यावरचं स्टेशन. १९०० साली धुळ्याचा फाटा निघाला आणि जंक्शन झालं. घरात उंदीर पडला की माणसं कुलूप लावून शेतात झोपड्या घालून राहायची. टोचणीवाले आल्याची कुणकुण लागली की बाया पोरांना कणगीत लपवायच्या. टोचून घेतलं की माणूस मरतो, असं पणजोबा शेवटपर्यंत म्हणत राहिले. आम्ही पोरं त्यावर पोट धरून हसायचो.

हाफकिनने प्लेगची ही लस भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. लस चांगलीच होती, लाखोंनी ती घेतली. पण ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना टोचणी झाली आणि त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते दगावले. एकोणीसही जण एकाच बाटलीतले, ५३-एन नंबरच्या. दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिनला बाजूला करण्यात आलं. नंतर जे उजेडात आलं ते इतकं साधं होतं की वाचताना मी मागचं पान उलटून पुन्हा बघितलं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यातून फिरवला आणि त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि अशा बुडवाबुडवीला ते दाद देत नाहीत. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ हाफकिनच्या बाजूने उभे राहिले, १९०७ साली तो निर्दोष ठरला आणि १९२५ साली परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळालं.

पणजोबांना मलकोवाल माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांची भीती लसीच्या बाबतीत चूक होती, टोचणाऱ्या हाताच्या बाबतीत मात्र अगदीच खुळी नव्हती. तात्यांनाही हाफकिनची गोष्ट माहीत नव्हती. मी सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "मग त्या मदतनिसाचं काय झालं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. इतिहासात साहेबाची बदनामी आणि साहेबाची सुटका सविस्तर लिहिलेली आहे. तात्यांनी मान हलवली. त्यांना ते अपेक्षितच असावं. आणि हेही सांगायला हवं की आजच्या हिशेबाने तात्यांचं उकळणंसुद्धा पुरेसं नाही. वाफेच्या दाबावर चालणारा ऑटोक्लेव्ह लागतो. पण जे हाताशी होतं ते त्यांनी रोज, कोणी बघत नसताना, पूर्ण केलं.

दवाखान्याच्या पायरीबद्दल मात्र आमच्या ओट्यावर फारसं बोललं जायचं नाही. ती पायरी सगळ्यांसाठी सारखी नव्हती. तात्यांच्या वडिलांच्या काळात काही माणसं पायरीखालीच उभी राहायची, जीभही तिथूनच दाखवायची आणि पुडी वरून त्यांच्या ओंजळीत पडायची. हे मला तात्यांनी सांगितलं, पण मी विचारल्यावर, आणि ओट्यावर कोणी नसताना.

चाळीसगावच्या म्हाताऱ्यांकडे बाबासाहेब आंबेडकरांच्या टांग्याची गोष्ट असतेच. आमच्याकडे ती अशी सांगायचे: १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले, टांग्यातून निघाले, नदीच्या मोरीवर घोडा बुजला, टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. म्हणजे आमच्या ओट्यावर ही गोष्ट घोड्याची होती. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचं आठवणींचं लहानसं पुस्तक वाचलं तेव्हा कळलं की ती टांगेवाल्यांची गोष्ट आहे. सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून ते या भागातल्या एका बहिष्काराची चौकशी करायला आले होते. परतताना वस्तीतल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनाबाहेर टांगे भरपूर होते, पण महाराला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याला पायी नेणं वस्तीला कमीपणाचं वाटलं. शेवटी तडजोड अशी झाली की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा. लगाम ज्याच्या हाती आला त्याने कधी टांगा हाकला नव्हता. कठडा नसलेल्या मोरीवर घोडा उधळला, बाबासाहेब खालच्या फरसावर आपटले, टांगा आणि घोडा नदीत गेले. शुद्ध हरपलेल्या अवस्थेत त्यांना उचलून पलीकडच्या काठावरच्या वस्तीत नेलं. एका बॅरिस्टरला निव्वळ घोडा हाकता येणारा माणूस मिळाला नाही, म्हणून हा अपघात झाला.

त्याच पुस्तकात, मधला एक प्रसंग सोडून, एका डॉक्टरची हकिकत आहे. ती काठियावाडातली, पण साल तेच, १९२९. डिसेंबरमध्ये गांधींच्या 'यंग इंडिया'त छापून आलेलं एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र आंबेडकरांनी तिथे दिलं आहे. शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली, छाती भरली. डॉक्टर वस्तीत यायला राजी होईना. गावच्या मोठ्या माणसांनी रदबदली केली, दोन रुपये फी ठरली, तरी अट कायम राहिली: बाईला वस्तीबाहेर आणा. ओल्या बाळंतिणीला बाहेर आणली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टरने न्यूमोनियाचं निदान केलं. छातीला नळी लावली नाही. पुन्हा तो आला नाही, आणि बाई गेली.

डॉक्टरकीतली हयगय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चुकीचं औषध, चुकीचं ऑपरेशन येतं. इथे निदान बरोबर होतं, औषधही दिलेलं होतं. तपासणीच झाली नव्हती. आणि हे लांबच्या काठियावाडाला लावून मोकळं होता येत नाही. आमच्याच घरात, आजीच्या तरुणपणी, बायकांची तपासणी सासूच्या तोंडून व्हायची. डॉक्टर ओसरीवर, सून माजघरात, मधे सासू. "दुखतं म्हणते." "कुठं?" "पोटात म्हणते." छातीत दुखतं असं म्हणणं शोभायचं नाही म्हणून आजी पोटात दुखतं म्हणायची, असं तिनेच मला हसत हसत सांगितलं होतं. मला त्यात हसू आलं नाही.

तात्या कामाला लागले तेव्हा पेनिसिलिन नवीन होतं. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि हे औषध तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत येऊ लागलं. त्याआधी न्यूमोनियाचा रोगी म्हणजे घरच्यांनी देवाकडे आणि डॉक्टरने घड्याळाकडे बघत बसणं. आता सुई दिली की दोन दिवसांत माणूस उठून बसायचा. लोकांचा सुईवर जो विश्वास बसला तो तेव्हा, आणि तो खोट्यावर बसलेला नव्हता.

पण पेनिसिलिन एखाद्याला चालत नाही. आधी टेस्ट डोस देऊन वाट बघायची, आणि तरीही जवळ अॅड्रिनलिन तयार ठेवायचं. दवाखान्यात एका वेगळ्या ताटलीत अॅड्रिनलिनची अँप्युल, ती फोडायची छोटी कानस आणि उकळलेली सिरिंज फडक्याखाली झाकलेली असायची. त्या ताटलीला डॉक्टर आणि तात्या यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. एकदा मिलमधला एक कामगार सुई घेऊन बाकावर टेकला आणि तिथेच कोसळला. ओठ निळे, नाडी लागेना. डॉक्टर गुडघ्यावर बसले, तात्यांनी अँप्युल फोडून सिरिंज भरून हातात दिली. माणूस वाचला. गावात ती गोष्ट वर्षानुवर्षं चालली: डॉक्टरांनी मेलेला माणूस उठवला, काय तो हातगुण! मिलमधल्या लोकांनी नारळ आणि धोतरजोडी आणली. तात्यांची हकिकत एका वाक्याची होती. दोन दिवस आधी त्यांनी ताटलीतली अँप्युल तपासली तेव्हा औषध पिवळट पडलेलं दिसलं, म्हणून ती टाकून नवी ठेवली होती.

त्यांना धोतरजोडी मिळाली का, असं मी विचारलं. "मला कशाला?" म्हणाले, "मी कुठं काय केलं?"

गुण येतो तो डोळ्यांना दिसतो. न झालेला अपघात दिसत नाही, म्हणून त्याची गोष्ट होत नाही. चांगल्या दवाखान्याची पारख करताना आपण पिढ्यान्‌पिढ्या पहिलंच मोजत आलो आणि दुसऱ्याचं माप कधी ठेवलंच नाही, असं मला या सगळ्या गोष्टी पुन्हा जुळवताना वाटतं. यात दोष फक्त डॉक्टरांचा नाही. "माले गोयी नको, सुई द्या," हे वाक्य तात्या दिवसातून कितीदा तरी ऐकायचे. गोळीचे पैसे देणं लोकांच्या जिवावर यायचं. सुई टोचली की पैसे वसूल. लाल रंगाचं बी-ट्वेल्व्ह ताकदीचं म्हणून मागायचे. शिरेतून कॅल्शियम दिलं की अंगभर ऊब पसरते, म्हणून तेही आवडीचं. नंतर नंतर ऊसतोडीला निघायच्या आधी 'एक बाटली लावून घ्या' असं सुरू झालं. मिठा-साखरेच्या पाण्याने सहा महिन्यांची ताकद येते अशी समजूत. डॉक्टर नाही म्हणाले की माणूस शेजारच्या गल्लीत जायचा. तिथे स्टोव्ह नव्हता आणि नकारही नव्हता.

तिथून आलेली माणसं चार दिवसांनी तात्यांच्याच बाकावर असायची. ढुंगणावर हे एवढं गळू. म्हणायची, "माझं अंगच तसलं, मला इंजेक्शन पिकतं." तात्या गरम पाण्याचा शेक देता देता म्हणायचे, "अंग पिकत नसतं भाऊ, सुई पिकवते." गळू तरी चार दिवसांत दिसतं. कावीळ दोन-तीन महिन्यांनी उगवते. तोवर सुई कोणी दिली हे रोगी विसरलेला असतो आणि घरचे गळ्यात काविळीची माळ घालून मोकळे झालेले असतात. गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात २००९ साली हिपॅटायटिस बीची साथ उसळली, नव्वदीच्या घरात माणसं गेली आणि तपासाचा धागा खासगी दवाखान्यांतल्या पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजपर्यंत पोचला. तेव्हा ते सगळ्यांना नवीन वाटलं. त्याच्या काही वर्षं आधी देशभर झालेल्या एका पाहणीत निघालं होतं की भारतात वर्षाला तीनशे कोटींच्या वर इंजेक्शनं दिली जातात आणि त्यांतली सुमारे ६३ टक्के कुठल्या ना कुठल्या अर्थाने असुरक्षित असतात. स्टोव्ह थंडगार असण्याचा हा देशभरचा आकडा.

एड्सच्या धास्तीने काचेची सिरिंज गेली. प्लॅस्टिकची आली, पाकिटातून निघायची, एकदा वापरून फेकायची. तात्यांना याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण अर्धवट. काचेची सिरिंज त्यांच्या हातची होती, तिचं सगळं त्यांना माहीत होतं. पाकिटावर विश्वास टाकायचा आणि वापरलेली सुई कुठे जाते ते बघायचं नाही, हे त्यांना जमेना. भंगारवाला सिरिंजा गोळा करताना दिसला तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या मागे लागून सुया कापायचं छोटं यंत्र आणवलं. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ साली आले. तालुक्याच्या गावात ते पोचायला वेळ लागला.

कायद्यांचं तसंच असतं. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१२ सालचा. १९३८ साली वैद्य-हकिमांचीही नोंदवही झाली. १९९६ साली मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितलं की ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्या शास्त्राची औषधं देणारा तो भोंदूच. होमिओपॅथीच्या डॉक्टरने अॅलोपॅथीची औषधं दिली होती आणि रोगी दगावला होता. पुढे महाराष्ट्रानेच वर्षभराचा अभ्यासक्रम करणाऱ्या होमिओपॅथना ती वाट कायद्याने उघडून दिली. शुश्रूषागृहांचा कायदा १९४९ चा. त्याचे नियम २०२१ साली सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणं आलं. पण हा कायदा खाटा असलेल्या दवाखान्यांचा. एक टेबल, एक बाक आणि पडद्यामागे एक कोच, अशा ज्या खोलीत चाळीसगावचा निम्मा ताप उतरतो, ती खोली त्यात बसत नाही. तिथे नियम पाळणारा कोणी असला तर असला.

आणि खाटा असून तरी काय? जून २०२० मध्ये जळगावच्या सिव्हिलमधून करोनाची ब्याऐंशी वर्षांची एक वृद्धा बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठाता निलंबित झाले, चौकशा झाल्या. तिथे यंत्रं कमी पडली नव्हती, डिग्र्याही कमी नव्हत्या. रोज एक दार उघडून बघायचं काम कोणीतरी केलेलं नव्हतं.

तात्या त्याच्या आधीच गेले. त्यांच्या वस्तूंत मला एक वही मिळाली, दवाखान्याची. तारीख, नंबर, गाव, रोग्याचं नाव, आणि पुढे मिक्श्चरमध्ये काय किती घातलं ते बारीक अक्षरात. रोगी आपली बाटली घरून घेऊन यायचा. तात्या ती खळबळून भरायचे आणि वर खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवायचे, एका खाचेला एक डोस. बाटली फुटली तरी वहीत सगळं असायचं.

लिहून ठेवण्याचा या गावाला तसा जुना वारसा आहे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या देवळातल्या शिलालेखात, शके ११२८ सालच्या, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला आणि त्याला कोणी काय दिलं याची नोंद आहे. शेवटच्या मराठी ओळींत तर कशावर किती द्यायचं तेही आहे. तो लेख जगापुढे आणला मुंबईच्या एका डॉक्टरने, भाऊ दाजी लाडांनी. ग्रँट मेडिकलच्या पहिल्या पदवीधरांतले ते एक. तात्यांना याचा फार अभिमान. "मुंबईचा एवढा मोठा डॉक्टर आपल्याकडे आला," म्हणायचे, "रोगी बघायला नाही, दगड बघायला."

आठशे वर्षांपूर्वीच्या दगडावर कोणी कोणाला काय दिलं ते वाचता येतं. माझ्या आत्याच्या पुडीवर काहीच नसायचं. तिचे गुडघे दुखतात. गल्लीतल्या डॉक्टरकडे जायची, डबा उघडून ते सुट्या गोळ्या द्यायचे: पांढरी सकाळ-संध्याकाळ, गुलाबी जेवल्यावर, अर्धी रात्री. अर्धीने फार गुण यायचा. चालायला लागली, भूक वाढली, चेहरा भरला. सगळे म्हणाले, हाताला गुण आहे. मग साखर वाढली, तळवे सुजले, धुळ्याला दाखवलं. तिथल्या डॉक्टरने विचारलं, आजवर काय घेत होता? आत्याने पदराची गाठ सोडून टेबलावर तीन रंगांच्या गोळ्या ठेवल्या. त्याने अर्धी उचलून उजेडात धरली, मग खाली ठेवली आणि म्हणाला, "ही कसली आहे ते लिहून आणा. आणि तोवर एकदम बंद करू नका, बाधेल." स्टेरॉइडची शंका आली की डॉक्टर असंच सांगतात, बरेच दिवस घेतलेली ती गोळी एका दिवसात तोडता येत नाही.

आत्या परत गल्लीतल्या दवाखान्यात गेली. मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, "आक्का, तुम्हाला नाव घेऊन काय करायचंय? गुण आला ना?" आत्या बाकावरून उठली नाही. म्हणाली, "गुण आला बापा. पण पोरगा नाशिकला राहतो, त्याला फोनवर सांगावं लागतं. मी काय सांगू, गुलाबी?" मागे बसलेल्या बायका हसल्या. डॉक्टरांनी थोडा वेळ टेबलावरचे कागद खालीवर केले आणि एका औषध कंपनीच्या जाहिरातीच्या पाठीमागे तीन नावं लिहून दिली. अर्धीचं नाव धुळ्याच्या डॉक्टरला वाटलं होतं तेच निघालं.

त्यानंतर रांगेतली पुढची बाईही म्हणाली, माझ्याबी लिहून द्या. आता तिथे जाहिरातींचे कागद चौकोनी कापून टेबलावर ठेवलेले असतात, मागेल त्याला नाव मिळतं. न मागणाऱ्याला मात्र अजून नुसतीच पुडी.